वाटसरूचे ऋण

वाट कोणाची, हा प्रश्न वकिलाच्या मेजावर नित्य येतो. पिढ्यानपिढ्या ज्या पाणंदीतून बैलगाड्या गेल्या ती पाणंद एके दिवशी शेजारचा शेतकरी नांगरून टाकतो, आणि मग दोन घरांचे वैर न्यायालयाच्या पायऱ्या चढू लागते. अशा दाव्यांत आम्ही कधी या बाजूने, कधी त्या बाजूने उभे राहिलो आहो. आपल्या भाषेत या हक्कास फार अर्थपूर्ण नाव आहे : वहिवाट. माणसांचे जाणेयेणे चालू आहे तोवर वाट, असाच जणू त्या शब्दाचा भाव आहे. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याने त्यास मुदतीचे माप लावले. वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंडपणे आणि हक्क म्हणून जो एखाद्या वाटेने गेला त्याचा हक्क पक्का झाला. येथवर कायदा स्पष्ट आहे. परंतु हक्क पक्का झाला म्हणजे वाटसरूचे काम संपले काय? ज्याच्या बांधावरून आपण जातो त्याचे आपण काही देणे लागतो की नाही, आणि लागत असल्यास ते कोणत्या नाण्यात फेडावयाचे, हा प्रश्न कोणत्याही वादपत्रात लिहिलेला नसतो.

तो प्रश्न आज आम्हांस सुचला तो स्पेन देशातील एका सायकल-मार्गाच्या निमित्ताने. वाचकांस हे निमित्त विचित्र वाटेल, पण थोडा धीर धरावा अशी विनंती आहे. गेल्या वीसएक वर्षांत पाश्चात्य देशांत सायकलीचा एक नवा प्रकार रूढ झाला आहे. त्यास ‘ग्रॅव्हल’ म्हणजे खडीची सायकल म्हणतात. शर्यतीच्या सायकलीसारखाच तिचा दांडा खाली वळलेला असतो. पण टायर पुष्कळ रुंद, चाळीस ते पन्नास मिलिमीटरांचे, आणि त्यांत हवा बेताची. त्यामुळे डांबरी सडकेवर ती बऱ्यापैकी धावते, आणि सडक संपून खडी, माती, रानवाट सुरू झाली तरी स्वारास उतरावे लागत नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात कच्च्या रस्त्यांवरून लांब पल्ल्याची जी शर्यत २००६ साली सुरू झाली तिने या प्रकारास मोठे नाव मिळवून दिले, आणि २०२२ साली इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. शर्यतींशी आम्हांस येथे कर्तव्य नाही. पुष्कळसे स्वार शर्यतीच्या वाटेस जातच नाहीत. ते सायकलीला पिशव्या बांधतात आणि आठ-दहा दिवस डोंगरांतून स्वच्छंद हिंडतात. अशा हिंडण्यास स्पेनचा डोंगराळ अंतर्भाग विशेष नावाजलेला आहे, आणि त्यातही तेरुएल, कुएंका व ग्वादालाहारा हे तीन प्रांत जेथे एकमेकांस भिडतात तो मुलूख.

तेथून सुमारे सातशे किलोमीटरांचा एक वर्तुळाकार मार्ग आखलेला आहे. तो तेरुएल नगरात सुरू होतो आणि तेथेच संपतो. त्याचे नाव ‘मोंतान्यास वासियास’. मराठीत सांगावयाचे तर ‘रिकामे डोंगर’.

नाव यथार्थ आहे. एकट्या तेरुएल प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे १४,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या चौपट. आणि वस्ती अवघी १ लाख ३५ हजारांच्या आसपास. गोव्याची वस्ती २०११ च्या जनगणनेत १४ लाख ५८ हजार होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तो विरळपणा कळेल. मुलूख उंचावरचा आहे. ग्रिएगोस नावाचे खेडे समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरांवर वसले आहे. थंडी अशी की याच प्रांतातील कालामोचा येथे डिसेंबर १९६३ मध्ये पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरला होता. पाइनची दाट राने, चुनखडीच्या दऱ्या, आणि त्यांत तांबूस रंगाच्या घरांचे, तटबंदीचे अल्बार्रासीन हे गाव. त्याच डोंगरांत ताहो नदीचा उगम आहे. ही नदी हजार किलोमीटर वाहत जाऊन लिस्बनपाशी समुद्रास मिळते, आणि तिच्याच मुखातून १४९७ साली वास्को द गामाची गलबते आपल्या किनाऱ्याच्या शोधात बाहेर पडली. गोमंतकाच्या चार-साडेचार शतकांच्या इतिहासाचे पाणी एका निर्जन डोंगरातील झऱ्यात उगम पावते, ही गोष्ट नकाशावर पाहिली तेव्हा आम्हांस क्षणभर थबकावे लागले. असो.

ज्या वाटांवरून हे खडीचे स्वार जातात त्या केल्या कोणी? काही वाटा लाकूडतोडीसाठी वनखात्याने काढल्या. काही जुन्या आगगाडीच्या आहेत. ओखोस नेग्रोस येथील खाणीतून सागुंतो बंदरापर्यंत लोहखनिज नेणारा रूळमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. खाण थंडावली, रूळ निघाले, आणि आता त्याच्या पायावरून सायकली धावतात. अशा बंद रूळमार्गांच्या ‘हिरव्या वाटा’ करण्याचा उपक्रम स्पेनमध्ये १९९३ पासून चालू आहे. परंतु सर्वांत प्राचीन आणि आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या वाटा मेंढरांच्या आहेत.

उन्हाळ्यात डोंगरावर गवत असते, हिवाळ्यात तेथे बर्फ असते. म्हणून मेंढपाळ शरदात दक्षिणेकडील उबदार कुरणांत उतरावयाचे आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत वर चढावयाचे. आपले धनगर पावसाळा ओसरला की घाट उतरून कोकणाकडे मेंढ्या नेतात, त्यातलाच हा प्रकार. पण स्पेनमध्ये त्याला राज्यसत्तेचे पाठबळ मिळाले. कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने १२७३ साली मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघास सनद दिली. मेरिनो मेंढीच्या लोकरीवर राजाची तिजोरी भरत असल्यामुळे पुढील शतकांत या संघाचे हक्क वाढतच गेले. त्याच्या मुख्य वाटेची, म्हणजे ‘कान्यादा’ची रुंदी नव्वद वार ठरली होती, आजच्या मापाने पंच्याहत्तर मीटर. त्याखालोखाल ‘कोर्देल’ तिच्या निम्म्याने, आणि ‘वेरेदा’ सुमारे वीस मीटरांची. या रुंदीत कोणी नांगर घातला तर संघाचे स्वतःचे फिरते न्यायाधीश येऊन दंड करीत.

येथे आमच्यातील वकील जरा जागा होतो. ज्या वाटांचे आज सर्वत्र कौतुक चालले आहे त्या एके काळी शेतकऱ्याच्या उरावरून गेलेल्या आहेत. मेंढपाळाने एकदा एखादे कुरण खंडाने धरले की ते त्याच खंडात त्याजकडे चालू राहावे, असा नियम १५०१ साली झाला. मालकास भाव वाढला तरी खंड वाढविता येईना. वाटेवर तक्रार केली तर न्याय करणारा मेंढपाळांच्याच संघाचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९५ साली, होवेयानोस या विचारवंताने शेतीच्या कायद्यासंबंधी जो प्रसिद्ध अहवाल लिहिला त्यात या सवलतींवर कडक टीका आहे, आणि ती अन्याय्य होती असे म्हणवत नाही. १८३६ साली मेस्ता बरखास्त झाली. सारांश, वाटेचा हक्क हा जन्मतःच पुण्यवान असतो असे मानण्याचे कारण नाही. तो बलवंताने मिळविला. बलवंताचे बळ सरले, आणि हक्क मागे उरला.

पुढे मोटारी आल्या, आगगाड्या आल्या, मेंढ्या डब्यांतून जाऊ लागल्या. वाटा ओस पडल्या आणि जे आपल्या पाणंदींचे झाले तेच त्यांचे झाले : कोणी नांगरल्या, कोणी त्यांवर घरे बांधली, कोठे सरकारनेच सडक घातली. तेव्हा १९९५ साली स्पेनने एक कायदा केला. त्यातील तीन शब्द आम्हांस अत्यंत भारदस्त वाटतात. या वाटा सार्वजनिक मालकीच्या असून त्या विकता येणार नाहीत, मुदतीने कोणाच्या होणार नाहीत, आणि त्यांवर जप्ती येणार नाही. देशभर या जाळ्याची लांबी सुमारे सव्वा लाख किलोमीटर सांगतात. आपल्याकडे देवाच्या जमिनीविषयी जी श्रद्धा असते, आणि जी श्रद्धा असूनही देवाची जमीन नाहीशी होते, तिची येथे आठवण व्हावी. कारण कायद्यातील शब्द आणि शेतातील नांगर यांची गाठ पडते तेव्हा पुष्कळदा नांगरच जिंकतो.

त्याच कायद्याच्या सतराव्या कलमात आमच्या सायकलस्वाराचा प्रवेश होतो. पायी फिरणे, घोड्यावरून जाणे आणि यंत्राविना चालणाऱ्या वाहनाने जाणे हे या वाटांचे ‘पूरक’ उपयोग म्हणून मान्य केले आहेत. अट एकच, की जनावरांच्या जाण्यायेण्यास अग्रक्रम राहावा. म्हणजे मौजेसाठी जाणारा जाऊ शकतो, पण गरजेसाठी जाणारा आला की त्याने बाजूला व्हावयाचे.

हे वाचताच आम्हांस मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील एक स्थळ आठवले. त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टींशी आमचे जमत नाही. परंतु वाट कोणी कोणास द्यावी हे जेथे सांगितले आहे तेथे त्याची दृष्टी फार माणुसकीची आहे. गाडीवाला, नव्वदी उलटलेला वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा आणि स्त्री यांस वाट द्यावी, असे तो प्रथम सांगतो. स्नातक, राजा आणि नवरदेव यांची नावे मागाहून येतात. पहिल्या तिघा-चौघांत एक सूत्र आहे. ज्याला वळणे, थांबणे, बाजूला होणे जड जाते त्याच्यासाठी ज्याला ते सोपे आहे त्याने सरकावे. आता गाडीवाल्यास मूळ शब्द ‘चक्री’ असा आहे, आणि एखादा हुशार वकील असा युक्तिवाद करील की दोन चाकांचा स्वारही चक्रीच होय, तेव्हा मेंढरांनी त्यास वाट द्यावी! शब्द त्याच्या बाजूने आहे, कारण मात्र नाही. चाकामुळे ज्याची गती कुंठित होते तो तेथील चक्री. चाकामुळे ज्याची गती मोकळी झाली त्यास ते संरक्षण कशाला? सांतियागोच्या सुप्रसिद्ध यात्रेतही हाच विवेक दिसतो. पायी जाणाऱ्यास प्रमाणपत्रासाठी शंभर किलोमीटर पुरतात, सायकलवाल्यास दोनशे लागतात. चाकाचे पुण्य निम्म्या भावाने मोजले जाते.

येथवरचा प्रश्न सोपा होता, कारण तो अग्रक्रमाचा होता. समोर मेंढरे असली की काय करावे हे कळते. समोर कोणीच नसेल तर?

आमच्या देवस्थानाच्या महाजनांपैकी एका घरातील तरुण नोकरीनिमित्त बार्सिलोनास असतो. तो या रिकाम्या डोंगरांतून सायकलीने नऊ दिवस हिंडून आला, आणि सुटीत घरी आला असता त्याने आम्हांस छायाचित्रे दाखविली. मुलगा सुस्वभावी, चौकस. एक खेडे दाखवीत तो उत्साहाने म्हणाला, “काका, दिवसभरात माणूस दिसत नाही. तीच तर मजा!” वाक्य निरागस होते; पण ते आमच्या मनात रुतून बसले. छायाचित्रात दगडी घरांची एक ओळ होती, पाण्याचा सार्वजनिक नळ होता, दारे बंद होती.

माणूस दिसत नाही, तो का दिसत नाही? हे डोंगर काही उत्तर ध्रुवासारखे मूळचे निर्जन नव्हेत. येथे मेंढ्या होत्या, राळ गोळा करणारे होते, डोंगरउतारावर एकेकटी शेतघरे होती. १९३७ च्या डिसेंबरापासून १९३८ च्या फेब्रुवारीपर्यंत यादवी युद्धातील एक अतिभीषण लढाई तेरुएलच्या बर्फात झाली. युद्धानंतर डोंगरांत लपलेल्या बंडखोरांना अन्न आणि आसरा मिळू नये म्हणून १९४० च्या दशकात सरकारी शिपायांनी अनेक शेतघरे रिकामी करविली. आणि मग १९५० ते १९७५ या काळात बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, सारागोसा, माद्रिद येथील कारखान्यांनी जे उरले होते तेही ओढून नेले. शाळेत पोरे उरली नाहीत म्हणून शाळा बंद. शाळा बंद म्हणून पोरे असलेली घरे बाहेर. हे चक्र एकदा सुरू झाले की कोणत्या टोकापासून थांबवावे ते कळत नाही. ‘तेरुएल अस्तित्वात आहे’ अशा विलक्षण नावाची चळवळ तेथे १९९९ साली उभी राहिली, आणि २०१९ च्या निवडणुकीत तिचा एक प्रतिनिधी देशाच्या लोकसभेत गेला. आपण आहोत, एवढेच सांगण्यासाठी ज्या लोकांना चळवळ करावी लागते त्यांच्या नसण्यात आपल्याला मजा वाटावी, हे कितपत योग्य?

या तरुणाच्या वतीने पुष्कळ बोलता येईल, आणि ते बोलले पाहिजे. पहिले म्हणणे असे की, त्याने ते गाव ओस केलेले नाही. खरे आहे. परंतु देणे हे नेहमी अपराधातूनच उत्पन्न होते असे नाही. वारसा स्वीकारणाराही कर्जाचा धनी होतो, आणि त्याने ते कर्ज काढलेले नसते. दुसरे म्हणणे असे की, जुन्या किल्ल्यांत आणि पडक्या नगरांत आपण सारेच आनंदाने फिरतो. हंपीच्या पाषाणांत संध्याकाळी जी शांतता असते ती एका राजधानीच्या नाशातून आलेली आहे. मग तेथे जाणे पाप काय? या म्हणण्यास आम्ही अधिक मान देतो. काळ दुःखाची धार बोथट करतो. पण तेरुएलच्या गावांत ती धार अजून बोथट झालेली नाही. ज्याने दार ओढून घेतले तो म्हातारा व्हॅलेन्सियात अजून हयात असू शकतो, आणि त्याच्या खिशात त्या दाराची किल्ली असू शकते.

तिसरे म्हणणे पैशाचे. स्वार येतो, पाव घेतो, कॉफी पितो, रात्री खोली भाड्याने घेतो. तेरुएलच्या लहान खेड्यांत नगरपालिकेच्या इमारतीत एकच दुकान, तेच खाणावळ, तेच चार लोकांच्या बसण्याचे ठिकाण, अशी सोय अनेक ठिकाणी चालविली जाते, आणि वर्षभर गावात राहणारी पंधरा-वीस म्हातारी माणसे जेथून तेल-मीठ घेतात ते दुकान परक्यांच्या कॉफीमुळे तग धरीत असेल तर ती कॉफी काही क्षुद्र गोष्ट नव्हे. हा युक्तिवाद आम्ही हसण्यावारी नेत नाही; जो आपल्यापाशी बांधलेली शिदोरीच खात गावातून निघून जातो त्याच्यापेक्षा दुकानात बसणारा निश्चित बरा. तरीही पैसे हे वस्तूचे मोल आहे. पावाचे पैसे दिले तर पावाचे देणे फिटले. शांततेचे, मोकळ्या आभाळाचे, बंद दारांच्या त्या ओळीचे मोल त्यात आले कोठे?

शिवाय ते गाव खरोखर रिकामे आहे काय? ऑगस्ट महिन्यात तेथे जाऊन पाहावे. १५ तारखेस मेरीमातेचा आणि १६ तारखेस संत रोकेचा उत्सव असतो, आणि बंद दारे एकामागून एक उघडतात. शहरांत गेलेली मुले, नातवंडे येतात. मिरवणूक निघते, चौकात रात्री पंगती बसतात, वाद्ये वाजतात. कित्येक गावांनी आपला मूळचा ग्रामदेवतेचा, म्हणजे त्यांच्या संताचा, उत्सव दुसऱ्या महिन्यातून मुद्दाम ऑगस्टात आणला आहे, कारण माणसे तेव्हाच येऊ शकतात. हे वाचून आमच्या कोणत्या वाचकास आपले घर आठवणार नाही? गणपतीपुरती उघडणारी कोकणातील घरे. जत्रेच्या दिवशी मुंबई, पुणे, बेळगावहून येऊन पालखीस खांदा देणारे आणि दुसऱ्या दिवशी परत जाणारे महाजन. अंगणात गुडघाभर गवत, तुळशीवृंदावनास मात्र कोणीतरी शेजाऱ्याने घातलेले पाणी. अशा घरापुढून एखादा परदेशी स्वार गेला आणि ‘येथे कोणीच नाही, काय ही मजा!’ असे म्हणाला, तर आपण त्यास काय सांगू? सांगू की, बाबा रे, येथे कोणीच नाही असे नव्हे. घरधनी बाहेर गेला आहे.

आमच्या समाजास तर हे विशेष कळावयास हवे. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास न्यावी लागली. ज्या भूमीवरून देव उठला ती भूमी रिकामी राहिली असे आपण कधी मानले नाही. आपली कुळे दूर गेली तरी मूळ गावाचे नाव संकल्पात, आडनावात आणि लग्नपत्रिकेत सांभाळून ठेविले.

कायद्याने पाहिले तरी ते डोंगर निर्मालक नाहीत. अल्बार्रासीन आणि भोवतालची बावीस गावे यांचा मिळून एक प्राचीन समुदाय आहे, आणि डोंगरातील विस्तीर्ण राने या तेवीस गावांच्या सामाईक मालकीची आहेत. तेथील पर्वतास ‘मोंतेस उनिव्हेर्सालेस’ म्हणजे ‘सर्वांचे डोंगर’ हे नाव त्यावरूनच पडले असे म्हणतात. गोव्यातील गांवकरीची पद्धत ज्यांस ठाऊक आहे त्यांस अशा मालकीचे स्वरूप निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. रिकाम्या डोंगरांचे खरे नाव सर्वांचे डोंगर असावे, हे आम्हांस मोठे सूचक वाटते. एकाच जागेस स्वार एक नाव देतो आणि रहिवासी दुसरे.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे वळू. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर एक चौथे ऋण सांगितले आहे : मनुष्यांचे. ते फेडावयाचे कसे? दुसऱ्यांस आसरा देऊन आणि अन्न देऊन. म्हणजे आपल्या परंपरेत यजमान हा ऋणको आहे आणि दारी आलेला वाटसरू धनको. अतिथीचा महिमा आपण इतका गायिला की अतिथीच्या कर्तव्याचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला. मनूने परान्नावर टपलेल्या माणसास जो जन्म सांगितला आहे तो काही सुखाचा नाही, दात्याच्या गोठ्यातील पशूचा आहे. पण तो इशारा झाला, विचार नव्हे. आणि यजमानच घरी नसेल तर अतिथीने कसे वागावे, याविषयी कोणी काही सांगितल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळांत मात्र या धर्माचा आचार आपण न शिकता शिकलो आहो. खोली उघडून मिळते, कोणी देखरेख करीत नाही. सकाळी निघताना माणूस केर काढतो, घागर भरून ठेवितो, दिवा मालवितो, कडी जशी होती तशी लावितो. पुढे कोण येणार हे त्यास ठाऊक नसते. स्पेनच्या त्या डोंगरांतही कुरणाच्या वाटेवर फाटके असतात, आणि तेथील शिष्टाचार हाच आहे : बंद होते ते बंद करावे, उघडे होते ते उघडे ठेवावे. मेंढरांचा कळप आढळल्यास उतरून चालावे, आणि राखणीच्या अवाढव्य कुत्र्यांस वळसा घालून दुरून जावे. यात बुद्धीचे काम थोडे आहे, लक्ष देण्याचे फार आहे.

परंतु लक्ष केवळ फाटकापुरते देऊन भागेल असे आम्हांस वाटत नाही. त्या तरुणाच्या आनंदात आक्षेपार्ह काही असेल तर ते आनंद होणे नव्हे. डोंगर सुंदर आहेत, त्याची छाती भरून आली, हे योग्यच झाले. पण त्याच्या आनंदास एक न जाणणे आवश्यक होते. त्या दारांमागे कोण राहत होते हे कळले असते तर मजा कमी झाली असती, म्हणून त्याने विचारले नाही. हे त्याचेच नव्हे, पर्यटकांच्या साऱ्या जातीचे लक्षण आहे. अज्ञानावर उभा असलेला आनंद फसवून घेतलेल्या खरेदीखतासारखा असतो. कागद खरा, सही खरी, पण विकणाऱ्यास वस्तूचे मोल कळू दिलेले नसते. आणि जाणून घेतल्यावरही जो आनंद टिकतो त्यावर मात्र कोणाचाही दावा नाही.

आम्ही हे त्यास सांगितले तेव्हा तो रागावला नाही. उलट त्याने एक मुद्दा काढला जो आमच्या ध्यानात आला नव्हता. तो म्हणाला, “आम्ही गेलो नाही तर वाट झुडपांत जाईल. मेंढरे आता वर्षातून दोनदा, तीही थोडी. बाकीचे दिवस वाट मोकळी कोण ठेवणार?” मुद्दा कायद्याच्या दृष्टीने निरर्थक आहे, कारण १९९५ च्या कायद्याने न वापरल्यामुळे त्या वाटा बुडत नाहीत. पण जमिनीच्या दृष्टीने तो अगदी बरोबर आहे. आमच्या अनुभवात पाणंद वाचते ती सात-बारावरील नोंदीने कमी आणि रोज तेथून जाणाऱ्या गुरांच्या खुरांनी अधिक. तेव्हा हा स्वार नकळत मेंढपाळाची वहिवाट चालवीत आहे. ज्याच्या हक्कावर तो चालतो त्याचाच हक्क तो जिवंत ठेवितो. या हिशेबात जमेच्या बाजूसही काही रक्कम आहे, हे आम्ही मोकळेपणाने मांडतो.

मेंढपाळ अगदीच संपलेले नाहीत. अल्बार्रासीनच्या डोंगरातील ग्वादालाव्यार या खेड्यात या हंगामी स्थलांतराचे एक संग्रहालय आहे. आणि त्या भागातील काही कुटुंबे अजून नोव्हेंबरात कळप घेऊन पायी आंदालुसियाच्या कुरणांकडे उतरतात, जूनमध्ये परततात. २०२३ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत या स्थलांतराची जी नोंद विस्तारली तीत स्पेनचाही समावेश झाला. संग्रहालय आणि यादी यांचा मान एखाद्या गोष्टीस मिळू लागला की आमच्या मनात थोडी धास्ती उत्पन्न होते. पण कळप अजून चालत आहेत, हे खरे.

माद्रिद शहराच्या मधोमधही अशा एका वाटेचा हक्क जातो. १९९४ पासून ऑक्टोबरात मेंढपाळ शेकडो मेंढ्या घेऊन राजधानीच्या भर रस्त्यांतून जातात, मोटारी थांबतात, मुले कठड्यांवर चढून बघतात. नगरसभेच्या प्रतिनिधीपुढे आल्यावर मुख्य मेंढपाळ १४१८ सालच्या कराराप्रमाणे हजार मेंढ्यांमागे पन्नास मारावेदी, ही जुनी नाणी, मोजून देतो. त्या नाण्यांस आज बाजारात किंमत नाही. तरी ती मोजून घेतली जातात आणि कळप पुढे सरकतो. सायकलस्वारासाठी असा दर अजून कोणी ठरविलेला नाही. आमच्या त्या तरुणाने पुढच्या खेपेस ऑगस्टात, उत्सवाच्या दिवसांत जाण्याचे ठरविले आहे. तेव्हा ऊन फार असते, खोली मिळणे कठीण, आणि वाटेत माणसेच माणसे.